डोहाळजेवणाच्या आधीचा घास



सातवा महिना लागला की आपल्याकडे डोहाळजेवण करतात. हिरवी साडी, हिरवा चुडा, फुलांची वाडी, गल्लीतल्या साऱ्या बायका. दोन वाट्या उपड्या ठेवायच्या, एकीखाली पेढा नि एकीखाली बर्फी, आणि सूनबाईने एक उचलायची. त्या दिवशी तिला पाटावर बसवून आधी वाढतात. एरवी ती सर्वांच्या शेवटी जेवते, म्हणून या एका दिवसाचे मला फार अप्रूप वाटते. हौस चांगली आहे, ती करावी. पण आज मला सांगायचं आहे ते या जेवणाच्या आधीच्या सहा महिन्यांविषयी, आणि खरं म्हणजे त्याहीआधीच्या काळाविषयी.

गर्भ राहिल्यापासून साधारण अठ्ठावीस दिवसांत बाळाचा मेंदू आणि पाठीचा मज्जारज्जू ज्यापासून तयार होतात ती नळी मिटून पूर्ण होते. अठ्ठावीस दिवस म्हणजे किती? बाईची पाळी चुकून जेमतेम पंधरवडा झालेला असतो. पुष्कळ जणींना तोवर दिवस गेल्याची खात्रीही नसते. सासूबाईंना सांगणे तर दूरच. ही नळी नीट मिटली नाही, तर पाठीवर उघडी गाठ घेऊन मूल जन्मते, किंवा मेंदूच अपुरा राहतो. ती नीट मिटण्यासाठी आईच्या रक्तात फॉलिक आम्ल पुरेसे असावे लागते. म्हणजे पायाचे हे काम डोहाळजेवणाच्या पाच-सहा महिने आधीच उरकलेले असते.

पुढचे काम मात्र लांबते. शेवटच्या तीन महिन्यांत मेंदू झपाट्याने वाढतो. जन्मतः तो साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे मोठ्या माणसाच्या मेंदूच्या जवळजवळ चौथा हिस्सा. पुढल्या दोन वर्षांत तो तीन-चतुर्थांशाच्याही वर जातो. आयुष्यात पुन्हा कधी तो या वेगाने वाढत नाही. या वाढीला लागणारे सामान आधी आईच्या रक्तातून येते, मग तिच्या दुधातून, आणि सहा महिन्यांनंतर घरातल्या वाटी-चमच्यातून.

तर हे सामान नेमके कोणते? पोट भरले म्हणजे झाले, असे आपण धरून चालतो. याविषयी आपल्याच मुलखात एक मोठी पाहणी झालेली आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ साली पुण्याजवळची सहा खेडी निवडली. कमी पावसाचा, शेतीवर जगणारा मुलूख. तिथल्या विवाहित स्त्रियांची नोंद त्यांनी दिवस जाण्यापूर्वीच करून ठेवली, आणि ज्यांना दिवस गेले त्यांचे खाणे, काम, रक्त, वजन हे सारे टिपून घेतले. या बायकांचे दिवस जाण्यापूर्वीचे सरासरी वजन बेचाळीस किलोच्या आसपास होते. मुले जन्मली ती सरासरी पावणेतीन किलोंच्या आतबाहेर. त्या मुलांना मोठी होईपर्यंत, अगदी ती स्वतः लग्नाची होईपर्यंत, ही मंडळी भेटत राहिली. एवढा दीर्घ काळ एकाच गावच्या मायलेकरांचा माग ठेवणे हे चिकाटीचे काम आहे, आणि त्यासाठी गावकऱ्यांचेही कौतुक करावे तेवढे थोडे.

सुमारे आठशे गरोदर स्त्रियांच्या खाण्याचा हिशेब २००१ साली छापून आला. त्यात दिसले ते असे: बाईने एकूण किती अन्न खाल्ले, यावरून बाळाच्या आकाराचा फारसा अंदाज येत नव्हता. पण जिच्या जेवणात दूध होते, पालेभाजी होती, फळ होते, तिचे बाळ अधिक भरलेले होते. भाकरीचा ढीग आणि भाकरीबरोबरचे कालवण, यांत कालवणाची बाजू जड पडली म्हणा ना.

पुढे त्याच स्त्रियांचे रक्त तपासले, तेव्हा आणखी एक गोष्ट बाहेर आली. फॉलिक आम्लाची उणीव जवळजवळ कोणालाच नव्हती. शेकडो बायकांत एखादीच. पण ब-१२ नावाचे जीवनसत्त्व तीनांपैकी दोघींच्या रक्तात कमी होते.

हे ब-१२ काय प्रकरण आहे ते जरा समजून घेऊ. हे जीवनसत्त्व झाडापाल्यात तयारच होत नाही. ते सूक्ष्म जंतू तयार करतात आणि जनावरांच्या अंगातून ते आपल्यापर्यंत येते. म्हणून ते ज्वारीत नाही, बाजरीत नाही, डाळीत नाही आणि मेथी कितीही ताजी असली तरी मेथीतही नाही. ते आहे दुधात, दह्यात, ताकात, अंड्यात, मासळीत, मटणात, कलेजीत. शरीरात त्याची अनेक कामे आहेत. त्यातले आपल्या विषयाचे काम असे की, विजेच्या तारेवर जसे रबराचे वेष्टन असते तसे मज्जातंतूंवर एक वेष्टन असते, ते घडवायला आणि टिकवायला हे जीवनसत्त्व लागते. वेष्टन बरे नसेल तर निरोप पोचतो, पण रेंगाळत पोचतो.

आता आपल्या घराकडे पाहा. दावणीला म्हैस आहे. पहाटे धार काढतात, किटली डेअरीवर जाते आणि घरात उरते ते चहापुरते. दूध म्हणजे रोख पैसा. संसाराला पैसा लागतोच, त्याला नावे ठेवणारा मी कोण? मटण शिजते ते जत्रेला नाहीतर पाहुणा आला म्हणजे, आणि शिजले तरी चांगले तुकडे पुरुषांच्या ताटात जाऊन बाईच्या वाट्याला रस्सा येतो. ज्या घरी अंडे-मटण चालतच नाही, तिथे सारी भिस्त दुधावर, आणि दूध गेले डेअरीला. तेव्हा म्हशीच्या धनिणीच्या रक्तात ब-१२ कमी निघावे, यात नवल ते काय!

आता गुरुजींनी आणि बाईंनी ऐकावे असे. या पाहणीतल्या मुलांपैकी काहींची वयाच्या नवव्या वर्षी परीक्षा घेण्यात आली. ज्यांच्या आयांच्या रक्तात गरोदरपणी ब-१२ सर्वांत कमी होते अशी मुले एका बाजूला, आणि ज्यांच्या आयांच्या रक्तात ते सर्वांत जास्त होते ती दुसऱ्या बाजूला. मिळून शंभराच्या थोडी वर. एका परीक्षेत मुलाला आकडे सांगायचे आणि ते उलटे म्हणायला लावायचे. आपण चार-सात-दोन म्हणायचे, त्याने दोन-सात-चार म्हणायचे. दुसरीत रंगीत गोलांमधले आकडे क्रमाने जोडत न्यायचे. पहिलीत आठवण लागते, दुसरीत लक्ष टिकवून धरावे लागते. २००८ साली निष्कर्ष छापून आला: कमी ब-१२ असलेल्या आयांची मुले या दोन्हींत मागे पडली. मात्र सर्वसाधारण बुद्धीच्या चाचणीत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता.

हे शेवटचे वाक्य विसरू नये, कारण एवढेसे कानावर पडले की लोक सांगत सुटतात, "दूध प्या, मूल हुशार होईल." तसा काही सौदा नाही. म्हैसूरला मुलांची अशीच पाहणी झाली. तिथे आईच्या फॉलिक आम्लाचा मुलांच्या बौद्धिक कामगिरीशी संबंध दिसला, ब-१२ चा दिसला नाही. अशा पाहणीत दोन गोष्टी बरोबर चालताना दिसतात. एकीमुळे दुसरी झाली, हे तेवढ्याने ठरत नाही. दूध पिणाऱ्या घरात शिक्षणही जास्त असेल, पैसाही असेल. म्हणून पुण्याच्या मंडळींनी पुढची पायरी गाठली. १९९३ नंतर जन्मलेली ती मुले-मुली वयात आल्यावर, २०१२ पासून त्यांतल्या काहींना रोज अगदी थोडे ब-१२ देण्यात आले, काहींना नुसत्याच दिसायला सारख्या गोळ्या दिल्या. मुलींची लग्ने झाली, दिवस गेले, बाळंतपणे झाली. त्यांची बाळे दोन वर्षांच्या सुमारास तपासली, तेव्हा ब-१२ मिळालेल्या आयांची बाळे समजण्यात आणि बोलण्यात सरस निघाली. मुलांची संख्या थोडी आहे, शंभरही नाही, तेव्हा शेवटचा शब्द म्हणून मी हे सांगत नाही. पण यात ब-१२ दिवस जाण्याच्या आधीपासून सुरू होते, आणि माझ्या मते यातली मोलाची गोष्ट तीच आहे.

कोणी विचारील, आईची उपासमार झाली तर मूल मंद होतेच का? हे पाहायला कोणी बायकांना मुद्दाम उपाशी ठेवणार नाही. पण युद्धाने ते केले. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, जर्मन फौजांनी पश्चिम हॉलंडचा अन्नपुरवठा तोडला. शहरांतल्या माणसांना दिवसाला हजार कॅलरींहूनही कमी मिळू लागले. मे १९४५ मध्ये देश मुक्त झाला आणि अन्न पुन्हा आले. त्या हिवाळ्यात पोटात असलेली मुले एकोणीस वर्षांची होऊन लष्करभरतीला आली, तेव्हा त्यांच्या बुद्धीच्या चाचण्या झाल्या. १९७२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला, आणि फरक दिसला नाही! पुष्कळांना हे ऐकून आश्चर्य वाटले. पुढे ती माणसे साठीच्या जवळ आल्यावर, उपासमारीच्या सुरुवातीच्या दिवसांत पोटात आलेल्यांची लक्ष एकवटण्याची शक्ती थोडी उणी आढळली, ही गोष्ट निराळी.

याचा अर्थ मी असा घेतो: त्या बायका हिवाळ्याआधी चांगल्या खाऊन-पिऊन होत्या आणि नंतरही त्यांना भरपूर मिळाले. काही महिन्यांचा मार आईच्या शरीराने पुष्कळसा स्वतःवर झेलला. आपल्या बाईची गोष्ट एका हिवाळ्याची नाही. ती लहानपणापासून भावाच्या मागून जेवली, वयात आली तेव्हा अंगात रक्त कमी, लग्न लवकर, आणि पहिल्या दोन बाळंतपणांत अंतरही नाही. झेलायला तिच्याजवळ शिल्लक कुठली?

रक्ताचा विषय निघालाच आहे. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या गरोदर स्त्रियांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक, शेकडा बावन्न, पंडुरोगी निघाल्या. मेंदूच्या वाढीला लोह लागते, म्हणून सरकारी दवाखान्यातून लाल गोळी देतात. तीत साठ मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक आम्ल असते. ती गरोदरपणात निदान १८० दिवस आणि बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यावयाची. या गोळीविषयी गावात दोन भीती आहेत. एक, मूल काळे होते. मुळीच नाही. शौचाला काळी होते, ती गोळीतल्या लोहामुळे. त्यात भिण्यासारखे काही नाही. दुसरी, मळमळते. हे मात्र खरे. मग रात्री जेवणानंतर घ्यावी. चहाबरोबर घेऊ नये, चहा लोह अंगी लागू देत नाही. वर लिंबाची फोड पिळलेले पाणी प्यावे. आणि कॅल्शियमची गोळी असेल तर ती निराळ्या वेळी. आणखी एक ध्यानात ठेवा: या लाल गोळीत ब-१२ नाही. तेव्हा जिच्या घरी दूध-अंडे काहीच मिळत नाही तिने आरोग्य केंद्रात डॉक्टरांना तेवढे विचारून घ्यावे.

मिठाचे थोडक्यात सांगतो. आयोडीन कमी पडले तर पोटातल्या बाळाचा मेंदू कायमचा अधू राहू शकतो. टाळता येण्याजोग्या मतिमंदत्वाचे जगातले ते एक सर्वांत मोठे कारण आहे. उपाय मात्र सर्वांत स्वस्त: आयोडीनयुक्त मीठ. ते उघड्या भांड्यात चुलीशेजारी ठेवू नका, झाकणाच्या बरणीत ठेवा.

आता घरच्या मोठ्या बायकांशी दोन शब्द. "पोटुशीने फार खाऊ नये, मूल मोठे होते, बाळंतपण जड जाते," असे सासूबाई म्हणतात. त्यांना हसू नका. त्यांच्या काळी अडलेली बाई बैलगाडीत घालून न्यावी लागे आणि पुष्कळदा ती परत येत नसे. ती भीती त्या डोळ्यांतून आली आहे. पण त्याचा इलाज बाळंतपण दवाखान्यात करणे हा आहे, बाईला अर्धपोटी ठेवणे हा नव्हे. आणि दोन जिवांची म्हणून दुप्पट खायचे, असेही नाही. चौथ्या महिन्यापासून दिवसाला सुमारे साडेतीनशे कॅलरी जादा लागतात. म्हणजे एक भाकरी आणि वाटीभर दाट आमटी किंवा उसळ. एवढेच. त्यावर पेलाभर दूध किंवा दही, रोज मूठभर पालेभाजी, चालत असेल तर अंडे, आणि एखादे फळ. पपई नको म्हणता? नको तर नको, पेरू द्या. फळ बंद करू नका म्हणजे झाले.

पाहिलंत, मी महाग काही सांगितलं नाही. जे घरात आहे त्याची वाटणी बदलायची आहे, आणि ती वाटणी तिच्या हातात नसते. डेअरीला किटली जाण्यापूर्वी पेलाभर दूध बाजूला काढायचे तर ते घरधन्याने म्हणावे लागते. तिने स्वतः काढले तर ते चोरून प्याल्यासारखे होते. आदिवासी भागात २०१५ साली सुरू झालेल्या अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे गरम चौरस जेवण देण्याची सोय झाली, त्यातली खुबी मला हीच वाटते. शिधा घरी नेला तर तो साऱ्या घरात वाटला जातो; तिथेच बसून जेवली तर घास तिच्याच पोटात जातो.

कामाचेही तसेच. त्याच सहा खेड्यांत असे दिसले की, गरोदरपणी जिला कामाचा ताण जास्त, तिच्या बाळाचे वजन कमी आणि डोक्याचा घेरही लहान. खाणे वाढवले आणि दोन हंडे डोक्यावर तसेच राहिले, तर वाढवलेले त्या खेपांतच खर्ची पडते. पाण्याच्या दोन खेपा घरातल्या दुसऱ्या कोणी केल्या तर ते तिला वाढल्यासारखेच आहे.

शेवटी पुन्हा शिक्षकांकडे येतो. वर्गात एखादे पोर असते. चार ओळी फळ्यावरून उतरवेपर्यंत त्याचे लक्ष उडते, पाढा पाठ होतो पण उलटा येत नाही. आपण त्याला 'ढ' म्हणून मोकळे होतो. त्याच्या या अडचणीचे मूळ तो जन्मण्यापूर्वीचेही असू शकते. पण हे समजले म्हणून त्याच्या आईला बोल लावायला जाऊ नये; तिला काय वाढले गेले होते हे आपण आत्ताच पाहिले. आणि मूल हातचे गेले असेही समजू नये. वेस्ट इंडीजमधल्या जमैका बेटावर किंग्स्टन शहरात खुरटलेल्या लहान मुलांवर एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष १९९१ साली आले. काहींना दूध-पावडरीचा पूरक आहार दिला, काहींच्या घरी आठवड्यातून एक तास बाई जाऊन आईला मुलाशी खेळायला, बोलायला शिकवी, काहींना दोन्ही. आहाराने मुले सुधारली, खेळण्या-बोलण्यानेही सुधारली, आणि दोन्ही मिळालेली सर्वांत पुढे गेली. खेळणी घरगुतीच होती. वीस वर्षांनी पाहिले तर ज्यांच्याशी असे खेळले-बोलले गेले होते ती मुले मोठी होऊन कमाईतही इतरांच्या पुढे होती.

आणि मुलींविषयी. आज सातवी-आठवीत बसलेली मुलगी आठ-दहा वर्षांत आई होईल, आणि तिच्या बाळाच्या मेंदूचे पहिले अठ्ठावीस दिवस तिच्या आजच्या शिल्लकेवर निघतील. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते. मुली ती मळमळीच्या भीतीने दप्तरात टाकतात आणि संध्याकाळी ती शाळेमागच्या नाल्यात जाते. तेव्हा बाईंनी ती मधल्या सुट्टीच्या जेवणानंतर, सर्वांना ओळीत बसवून, आपल्या समोर घ्यायला लावावी, आणि आधी एक गोळी स्वतः घेऊन दाखवावी.